शब्दशंका : फरशी, खडी आणि डांबर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पायाखालच्या जमिनीविषयी, म्हणजे फरशी, खडी आणि डांबर यांविषयी आहेत. ती एकत्रच घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या शब्दाने केलेला प्रवासही लांबचा आहे.

प्रश्न : उदगीर येथील एक वाचक लिहितात : आमच्या भागात घराला शहाबादी किंवा तांदूरची फरशी आणि ओट्याला कडप्पा हे ठरलेलेच आहे. ‘फरशी’ हा शब्द ‘परशु’वरून आला, दगड फरशीने म्हणजे कुऱ्हाडीने तासत म्हणून त्या दगडाला फरशी म्हणू लागले, असे आम्हाला शाळेत सांगितले होते. माझ्या मित्राच्या मते मात्र हा शब्द संस्कृत ‘प्रस्तर’पासून आला आहे. यांपैकी कोणते मत बरोबर आहे? तसेच फरसबंदी आणि फरासखाना हे शब्द याच कुळातले आहेत काय?

उत्तर : दोन्ही मते टिकणारी नाहीत. तरी ‘परशु’चे मत निव्वळ नादसाम्यावर उभे आहे, आणि ‘प्रस्तर’चे मत चुकीचे असूनही अर्थाच्या फार जवळ जाऊन पोहोचले आहे, हा फरक आधीच सांगून ठेवतो.

मराठीत ‘फरशी’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिली फरशी शस्त्राची. ती ‘परशु’पासूनच आली, याविषयी वाद नाही. संस्कृतातील काही शब्दांच्या आरंभीच्या ‘प’चा प्राकृतात ‘फ’ झाला. ‘पनस’चा फणस झाला, ‘परुष’चे प्राकृतात ‘फरुस’ झाले, तसाच ‘परशु’चा ‘फरशु’ झाला. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाच्या हातातील आयुधांचे रूपक आहे आणि त्यात ‘तर्कु तोचि फरशु’ असे स्पष्ट म्हटले आहे. खेड्यापाड्यांत आजही ‘फरशी कुऱ्हाड’ हा शब्द चालतो, आणि मारामारीच्या बातमीत तो हमखास वाचायला मिळतो. म्हणजे शस्त्राची फरशी मराठीत निदान सातशे वर्षांपासून नांदते आहे. परंतु तिचा घरातल्या फरशीशी काडीचाही संबंध नाही. कोणताही पाथरवट दगडावर कुऱ्हाड चालवत नाही. त्याची हत्यारे म्हणजे छन्नी, टाकी, हातोडा, घण आणि पहार. कापून, चिरून घडवलेला दगड ही कल्पना मराठीत ज्या शब्दात खरोखर आहे, तो शब्द ‘चिरा’ हा होय. त्यावरूनच ‘चिरेबंदी वाडा’ झाला. शाळेत सांगितलेली व्युत्पत्ती ‘चिरा’ या शब्दाला लावली असती, तर ती बऱ्याच अंशी खरी ठरली असती.

दुसरी फरशी, म्हणजे आपण जिच्यावरून चालतो ती, मुळात अरबी आहे. अरबीत फ-र-श या धातूचा अर्थ पसरणे, अंथरणे असा आहे. ‘फिराश’ म्हणजे अंथरूण आणि ‘फर्श’ म्हणजे जमिनीवर जे पसरले ते. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वराने माणसासाठी पृथ्वी अंथरली असे सांगताना ‘फिराश’ हाच शब्द आला आहे. अरबीतून हा शब्द फारसीत गेला आणि तेथे ‘फर्श’ म्हणजे गालिचा असा अर्थ पक्का झाला. इराणात आजही ‘फर्श’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गालिचाच येतो. घराच्या तळाला तेथे ‘कफ’ असा निराळा शब्द आहे. तेव्हा आपल्या घरातली थंडगार, कठीण फरशी जन्माने लोकरीची आहे, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

लोकरीचा दगड झाला कसा, याचे उत्तर फारसीतच मिळते. दगडांनी मढवलेल्या रस्त्याला किंवा अंगणाला फारसीत ‘संगफर्श’ म्हणतात. संग म्हणजे दगड, तेव्हा संगफर्श म्हणजे दगडांचे अंथरूण. हिंदुस्थानात फारसी ही दरबाराची आणि दप्तराची भाषा झाल्यावर हा शब्द इकडच्या बोलींत मिसळला. उर्दू-हिंदीत ‘फर्श’ म्हणजे घराचा तळ असा अर्थ रूढ झाला. मराठीने त्याचे ‘फरस’ केले, कारण जोडाक्षर फोडून सुटे करण्याची आपल्या जिभेची खोड जुनी आहे. त्या फर्शाचा, फर्शासाठीचा तो ‘फर्शी’, आणि त्यातून दगडाच्या लादीला ‘फरशी’ हे नाव मिळाले. शहाबादचा तो शहाबादी, तांदूरचा तो तांदुरी, यांत जो ‘ई’ आहे तोच येथेही आहे.

‘फरसबंदी’तील ‘बंदी’ हाही फारसीच प्रत्यय आहे. बांधणे, जोडणे असा त्याचा भाव आहे. तटबंदी, नालबंदी, नाकेबंदी हे शब्द याच साच्यातले आहेत, आणि ‘चिरेबंदी’त तर देशी चिऱ्याला फारसी प्रत्यय जोडलेला दिसतो. फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बंध’ हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे आहेत, त्यामुळे हा प्रत्यय मराठीला कधी परका वाटला नसावा.

आता फरासखाना. फर्श अंथरणारा तो ‘फर्राश’. मोगल दरबारात आणि छावणीत तंबू उभारणे, कनाती लावणे, गालिचे आणि सतरंज्या घालणे, बैठक सजवणे हे फर्राशांचे काम होते. हे सामान जेथे ठेवले जाई तो फर्राशखाना. मराठ्यांच्या राज्यातील अठरा कारखान्यांच्या यादीत जामदारखाना, मुदपाकखाना, पीलखाना यांच्या बरोबरीने फरासखानाही येतो. पुण्यातील फरासखाना पोलीस ठाण्याचे नाव त्या जुन्या खात्याचेच आहे, आणि तेथे जाण्याची वेळ आलेल्या माणसाला गालिच्यांची आठवण होत नाही हा भाग वेगळा. केंद्र सरकारच्या कार्यालयांतही झाडझूड करणाऱ्या, टेबल-खुर्च्या पुसणाऱ्या कर्मचाऱ्याचे पद दीर्घकाळ ‘फराश’ या नावाने कागदोपत्री होते. तेव्हा आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, फरशी, फरस, फरसबंदी आणि फरासखाना हे चारही शब्द सख्खे आहेत.

मराठवाड्यात या शब्दाची जुनी, म्हणजे कापडाची, बाजू ऐकायला फार लांब जावे लागत नाही. आपला हा प्रदेश 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि शाळा-कचेऱ्यांत उर्दू होती. त्या उर्दूतील ‘फर्श’ला अंथरण्याचा वास अजून आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत मुशायऱ्याची किंवा कव्वालीची बैठक जमिनीवर असेल, तर तिला ‘फर्शी नशिस्त’ म्हणतात. त्यासाठी सतरंजीवर जी पांढरीशुभ्र चादर घालतात तिला ‘चांदनी’ म्हणतात. मराठीत आपण याच थाटाला ‘बिछायत’ म्हणतो. कमरेत पूर्ण वाकून, हात जवळजवळ जमिनीला लावून केलेला तो ‘फर्शी सलाम’. लांब नळीचा, बैठकीपुढे जमिनीवर ठेवायचा तो ‘फर्शी हुक्का’. या शब्दांत फर्श म्हणजे दगड नव्हे. ज्या पातळीवर माणसे बसतात, ती अंथरलेली पातळी म्हणजे फर्श. ‘अर्श से फर्श तक’ या उर्दू म्हणीत तर फर्श म्हणजे अख्खी धरणी, कारण तिच्या समोर उभा केलेला ‘अर्श’ म्हणजे ईश्वराचे आसन आहे.

एवढे लक्षात घेतले म्हणजे आपल्या मित्राचे ‘प्रस्तर’ इतके मोहात पाडणारे का आहे, तेही कळते. ‘प्र’ आणि ‘स्तृ’ मिळून ‘प्रस्तर’ झाला, आणि ‘स्तृ’ म्हणजेही पसरणे, अंथरणे. वैदिक यज्ञात वेदीवर पसरलेल्या दर्भाला ‘प्रस्तर’ म्हणत. पुढे त्याच शब्दाला दगड हा अर्थ आला. त्याचे प्राकृतात ‘पत्थर’ झाले आणि मराठीत पाथर, फत्तर ही रूपे आली. पाथरवट हा त्यांतूनच निघाला. त्याच ‘स्तृ’च्या घराण्यातील ‘आस्तरण’पासून आपले ‘अंथरूण’ आले, आणि ‘पथारी’ही याच कुळातली. म्हणजे संस्कृतात ‘अंथरूण’ आणि ‘दगड’ हे दोन अर्थ एकाच मुळातून निघाले, आणि अरबी-फारसीकडून आलेल्या शब्दातही तेच घडले, परंतु स्वतंत्रपणे. रोमन लोक बांधीव रस्त्याला ‘व्हिया स्ट्राटा’ म्हणजे अंथरलेली वाट म्हणत, आणि त्या ‘स्ट्राटा’पासूनच ‘स्ट्रीट’ हा शब्द आला. लॅटिनमधील हा धातू मात्र ‘स्तृ’चा खराखुरा नातलग आहे. ‘फर्श’ त्यांचा कोणीच नाही. तो केवळ समानशील आहे. अर्थ जुळला म्हणून शब्द जुळतो असे नाही, आणि व्युत्पत्तीच्या क्षेत्रात सर्वाधिक घसरगुंडी येथेच होते.

पत्रात शहाबाद, तांदूर आणि कडप्पा यांचा उल्लेख आहे, म्हणून त्याविषयीही थोडे लिहितो, कारण दगडाचा प्रकार समजल्याशिवाय ‘अंथरणे’ हा शब्द त्याला का चिकटला हे नीट उमगत नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहून आलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. हा दगड कठीण आणि चिवट असतो. त्याचे चिरे निघतात, जाती-पाटे होतात, तट आणि बुरूज होतात, परंतु त्याचे पातळ पापुद्रे सुटत नाहीत. वेरूळच्या कैलास लेण्यात तर फरशी घालण्याचा प्रश्नच आला नाही. तेथे खांब, शिखर, हत्ती आणि पायाखालचा तळ हे सारे एकाच कातळातून कोरलेले आहे, काहीही आणून बसवलेले नाही. उदगीरच्या दक्षिणेला मात्र भूगर्भ बदलतो. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद आणि आजच्या तेलंगणातील तांदूर या परिसरात, भीमा खोऱ्यात, लाव्हापेक्षा फार जुना चुनखडीचा दगड आहे. तो प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला आहे. खाणीत पहारीची पाती दोन थरांच्या मधल्या रेघेत सरकवून उचलली की दगडाचा सपाट तक्ता आपोआप सुटतो. त्याच्या पृष्ठभागाला घडवावे लागत नाही, फक्त कडा काटकोनात छाटायच्या असतात. म्हणूनच जुन्या शहाबादी फरशीचा माथा किंचित लाटा आल्यासारखा असतो, खालची बाजू खडबडीत असते, आणि एकाच खोलीतील दोन फरश्यांची जाडी सारखी नसते. हल्ली यंत्रावर कापून, घासून येणाऱ्या फरशीत ही गंमत उरलेली नाही. कडप्पा हाही थराथरांचाच चुनखडीचा दगड आहे. तो काळा असतो आणि आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्याचे नाव लावून येतो.

शहाबाद आणि तांदूर ही दोन्ही गावे निजामाच्या राज्यात होती आणि दोन्ही रेल्वेवर होती. शहाबाद हे सोलापूर-वाडी मार्गावर, तर तांदूर हे वाडी-सिकंदराबाद मार्गावर. इकडे मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोरे रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली. जड दगड लांबवर न्यायचा तर रूळ हवेत. त्यापूर्वी माळवदाच्या घरात भुई शेणाने सारवलेलीच असे आणि फार तर ढाळजेत किंवा देवघरापुढे चार चिरे बसवलेले असत. गच्चीला चुन्याचा कोबा असे. त्या ‘चुनेगच्ची’तला ‘गच’ हाही फारसी आहे. त्याचा अर्थ चुन्याचा किंवा जिप्समचा गिलावा.

या सगळ्या शब्दसंग्रहात एका शब्दाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फरशी बसवून झाली की गवंडी दोन फरश्यांमधल्या फटी सिमेंटने भरतो. त्याला तो ‘दर्जा भरणे’ म्हणतो. ही ‘दर्ज’ किंवा ‘दरज’ म्हणजे फारसी ‘दर्ज’, शिवण. शिवणारा तो ‘दर्जी’ म्हणजे शिंपी. गुणवत्तेचा ‘दर्जा’ हा अरबीतून आलेला निराळा शब्द आहे, त्याची येथे गल्लत करू नये. अंथरलेल्या कापडाला शिवण असते, आणि गालिच्याचे नाव घेऊन आलेल्या दगडाच्या सांध्यालाही कापडाच्या सांध्याचेच नाव मिळाले. कारागिरांच्या बोलीत असे जुने अर्थ शब्दकोशापेक्षा अधिक काळ टिकतात, असे आमचे मत आहे, आणि ‘दर्ज’ हा त्याचा चांगला पुरावा आहे.

आजच्या वापराविषयी एक निरीक्षण. मराठीत ‘फरशी’ एकटी लादीही आहे आणि संपूर्ण तळही आहे. ‘एक फरशी तडकली’ म्हणताना आपण लादी मोजतो आणि अनेकवचन ‘फरश्या’ असे करतो. ‘फरशी पुसली’ म्हणताना मात्र सगळी खोली एकवचनातच येते. चिनी मातीच्या, चकचकीत लाद्या आल्यावर मराठवाड्यातील खेड्यांत त्यांना ‘स्टाईल’ म्हणू लागले. ‘टाईल’ या शब्दाला पुढे ‘स’ कोठून चिकटला हे त्या भपक्याकडे पाहिले की कळते. परंतु ‘स्टाईल’ बसवलेल्या घरातही सकाळी पुसली जाते ती फरशीच.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील एक वाचक लिहितात : आमच्या गावाच्या ओढ्यावर कठडे नसलेला बुटका पूल आहे. त्याला सारे ‘फरशी’ म्हणतात. पावसाळ्यात ‘फरशीवरून पाणी आहे’ असा निरोप आला की शाळेला सुट्टी मिळते. पुलाला फरशी का म्हणावे?

उत्तर : कारण तो मुळात पूल नव्हताच. ओढ्याच्या पात्रात बैलगाडीची चाके वाळूत आणि गाळात रुतू नयेत म्हणून उतारापासून उतारापर्यंत दगड बसवून पात्राचा तळ पक्का करीत असत. ही पात्राची फरसबंदी, म्हणून ती फरशी. पाणी तिच्यावरूनच वाहावे अशी तिची योजना असे. उन्हाळ्यात कोरड्या पायांनी, एरवी घोटाभर पाण्यातून आणि पुरात मुळीच नाही, असा तिच्यावरून जाण्याचा रिवाज होता. पुढे थोडे पाणी खालून जावे म्हणून तिच्या पोटात नळे घालण्यात आले. उंची हात-दोन हात वाढली, आणि लोक व वर्तमानपत्रे तिला ‘फरशी पूल’ म्हणू लागली. कठडे नसतात याचे कारण काटकसर एवढेच नव्हे. पुरात वाहून आलेली झुडपे, ओंडके कठड्याला अडकले की पाण्याचा सगळा दाब बांधकामावर येतो. फरशी पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेली असते, ही गोष्ट विसरून पुरात गाडी घालणारे दरवर्षी निघतात, हे मात्र दुर्दैव आहे.

प्रश्न : लातूर येथील स्थापत्य पदविकेचा एक विद्यार्थी लिहितो : रस्त्याच्या अंदाजपत्रकात ‘डब्ल्यूबीएम’ असते. त्यातील ‘एम’ म्हणजे मॅकॅडम असे शिकवले, पण मॅकॅडम म्हणजे काय हे सांगितले नाही. विमानतळावरच्या ‘टारमॅक’मध्येही तेच आहे असे ऐकले. ते खरे आहे काय?

उत्तर : खरे आहे. मॅकॅडम हे एका माणसाचे आडनाव आहे. जॉन लाउडन मॅकॅडम (1756–1836) हा स्कॉटलंडचा गृहस्थ 1816 मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टलच्या रस्ते मंडळाचा सर्वेक्षक झाला. तोपर्यंतच्या पद्धतीत रस्त्याच्या तळाशी मोठमोठे दगड रचून भक्कम पाया करीत असत. मॅकॅडमने तो पायाच अनावश्यक ठरवला. त्याचे म्हणणे असे होते की वाहतुकीचे ओझे अखेर खालची मूळ जमीनच पेलते, आणि ती कोरडी राहिली तर कितीही ओझे पेलते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवावा, दोन्ही बाजूंना पाणी काढून द्यावे, आणि वर फक्त हाताने फोडलेली बारीक खडी पसरावी. एकाही खड्याचे वजन सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे 170 ग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा त्याचा दंडक होता. कोनदार खडे चाकांच्या दाबाने एकमेकांत रुतून बसतात आणि त्यांचा एकजीव थर होतो. गोल गोटे तसे बसत नाहीत, ते घरंगळतात.

पुढे रोलर आले, आणि खडीवर बारीक चुरा व मुरूम टाकून, पाणी मारून दबाई करण्याची रीत पडली. तिलाच डब्ल्यूबीएम, म्हणजे पाण्याने बांधलेले मॅकॅडम, म्हणतात. मराठी कागदपत्रांत यालाच ‘खडीकरण’ असा नेटका शब्द आहे आणि तो बाबूंनी घडवलेल्या शब्दांपैकी खरोखर चांगल्या शब्दांत मोडतो. ‘खडीकरण, मजबुतीकरण व डांबरीकरण’ हे शब्द गावाच्या वेशीवरच्या प्रत्येक फलकावर असतात. म्हणजे मॅकॅडमचे नाव त्या फलकावर नसले तरी त्याची पद्धत तेथे असते.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत मॅकॅडमच्या सूत्रातील ‘कोरडी’ या शब्दाला फार महत्त्व आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीवर नाल्या न काढता कितीही खडी टाकली, तरी दोन पावसाळ्यांत रस्ता लाटांसारखा होतो, कडा खचतात आणि खडी मातीत गडप होते. म्हणून येथे मातीवर आधी जाड मुरमाचा भराव घालतात. रस्ता खडी कमी पडल्यामुळे उखडला असे लोक म्हणतात. पुष्कळदा तो बाजूची नाली बुजल्यामुळे उखडलेला असतो.

आता टारमॅक. मोटारी आल्या तेव्हा खडीच्या रस्त्यांवर धुळीचे लोट उठू लागले आणि वेगवान चाकांनी बारीक भर उडून जाऊ लागली. इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायर परगण्याचे सर्वेक्षक एडगर पर्नेल हूली यांना 1901 मध्ये एका लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्याचा एक तुकडा धूळरहित आणि गुळगुळीत आढळला. चौकशी करता कळले की तेथे डांबराचे पिंप फुटून सांडले होते आणि ते झाकण्यासाठी कोणी तरी भट्टीतील मळी त्यावर टाकली होती. हूली यांनी गरम डांबर आणि मळी मिसळण्याची रीत बसवली आणि 1902 मध्ये तिचे एकस्व मिळवले. पुढील वर्षी कंपनी निघाली. डांबराला इंग्रजीत ‘टार’ म्हणतात, त्याला मॅकॅडमचा आरंभ जोडून ‘टारमॅक’ हे व्यापारी नाव झाले. म्हणजे ‘मॅक’ एवढाच त्या स्कॉटिश आडनावाचा तुकडा त्यात उरला.

विमानतळावर विमान उभे राहते, प्रवासी चढतात-उतरतात आणि इंधन भरले जाते, त्या जागेला तांत्रिक भाषेत ‘एप्रन’ म्हणतात. ती बहुधा सिमेंट काँक्रीटची असते, कारण सांडलेल्या इंधनाने डांबर विरघळते. तरीही बातम्यांत आणि बोलण्यात तिला टारमॅकच म्हणतात, जरी तेथे टारही नसते आणि मॅकॅडमही नसते. परीक्षेत उत्तर लिहिताना मात्र ‘एप्रन’ हाच शब्द लिहावा. आपल्या अभ्यासक्रमातील ‘बिटुमिनस मॅकॅडम’ आणि ‘डेन्स बिटुमिनस मॅकॅडम’ यांतही तोच मॅकॅडम आहे.

प्रश्न : जालना येथील एक वाचक विचारतात : कपड्यांत ठेवायच्या पांढऱ्या गोळ्यांना ‘डांबर गोळ्या’ का म्हणतात? डांबर तर काळे असते.

उत्तर : रंगाने काळे असलेल्या डांबरातूनच ही पांढरी वस्तू निघाली. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की जो काळा, दाट द्रव मिळतो ते खरे डांबर, म्हणजे वर सांगितलेला ‘टार’. त्याचे ऊर्ध्वपातन करून नॅप्थलीन वेगळे काढतात, आणि त्याच्याच या गोळ्या करीत असत. गोळ्यांना वास नॅप्थलीनचा असे, नाव मात्र मूळ पदार्थाचे राहिले. रस्त्यावर आज जे वापरतात ते कोळशाचे डांबर नव्हे. ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे बिटुमेन आहे. मराठीने दोहोंना ‘डांबर’ या एकाच नावाने सामावून घेतले आहे. या शब्दाच्या भाऊबंदांत हिंदी ‘डामर’ आहे, आणि मलाय भाषेत ‘दमर’ म्हणजे झाडाची राळ. राळेचा उपयोग जहाजांच्या फळ्यांच्या फटी बुजवण्यासाठी होत असे. हल्ली बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांपैकी पुष्कळशा नॅप्थलीनच्याही नसतात, पॅराडायक्लोरोबेन्झीन या दुसऱ्याच रसायनाच्या असतात. दुकानदार मात्र डांबर गोळ्या मागितल्या की त्याच काढून देतो. दोन्ही प्रकारच्या गोळ्या विषारी आहेत, तेव्हा घरात लहान मूल असल्यास त्या उघड्यावर ठेवू नयेत.